होयबाची झडप

ही गोष्ट माझ्या सख्ख्या आत्याची आहे.

कुणाच्या तरी मित्राच्या चुलतभावाची नाही. आत्या आजही धडधाकट आहे, आणि खोटं बोलणाऱ्या माणसाला ती दारातही उभं करत नाही. शिवाय या गोष्टीचा शेवट मी स्वतः तिच्या स्वयंपाकघरात बसून ऐकला आहे. हो, ऐकला. बघण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

आणि रात्र वगैरे काही नव्हती हं.

मंगळवारची भर दुपार होती. छपराच्या पारदर्शक पत्र्यांतून खाली ऊन पडलं होतं. कारखाना चालू होता. पलीकडच्या खोलीत पॅकिंगच्या बायका हसत-खिदळत खोकी बांधत होत्या.

तेव्हा घडलं हे.

आधी भट्टीबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

ती भट्टी म्हणजे खोलीएवढी लोखंडी पेटी. पोलादाचे गिअर तिच्यात तापवून कडक करायचे. तापताना त्यांना हवा लागली की ते काळे पडतात, खराब होतात. म्हणून भट्टीच्या आत हवा नसतेच. हवेच्या जागी मुद्दाम बनवलेला एक वायू भरलेला असतो.

त्या वायूला रंग नाही.

वास नाही.

आणि तो छातीत गेला की माणूस शांतपणे झोपतो... पुन्हा न उठण्यासाठी.

म्हणून त्याला बाहेर सोडायची वाट ठरलेली असते. भट्टीच्या पाठीतून एक जाड पाइप निघून छपराबाहेर जायचा. त्याच्या तोंडाशी एक ज्योत कायम तेवत ठेवलेली. वायू बाहेर पडला की तिथेच जळून जायचा. पाइपाच्या मध्यावर, हात पोचेल अशा उंचीवर, एक झडप होती. तिचा दांडा वर केला की वाट मोकळी, खाली दाबला की बंद. जास्त मोकळी ठेवली तर भट्टी बाहेरची हवा आत ओढणार आणि स्फोट होणार. जास्त दाबली तर वायू दाराच्या फटींतून माणसांत येणार.

सगळा जीव त्या दांड्यात.

तो दांडा, तो पाइप आणि ती ज्योत सांभाळायला आत्या त्या कारखान्यात लागली होती. गळ्यात वायू मोजणारं छोटं यंत्र अडकवून ती दिवसभर भट्टीभोवती फिरायची. आत्याचा स्वभाव म्हणजे काय सांगू! शाळेत बाईंनी उठाबशा काढायला सांगितल्या, तर हिने आधी कारण विचारलं होतं. कारण पटलं नाही म्हणून सरळ जागेवर जाऊन बसली. आजोबांनी तिच्यापुढे हात टेकले होते, आणि पुढे तिच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या फुवांनीही. फुवा गेल्यावर 'आता आमच्याकडे ये राहायला' असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. तिने एका शब्दात उत्तर दिलं. कुठला शब्द ते सांगायला नकोच.

अशा बाईला जागा मिळाली ती कुणाची?

होयबाची.

त्या भट्टीवर आधी जो माणूस होता त्याला सगळा कारखाना होयबा म्हणायचा. कुणी काही सांगितलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "हो, करतो." साहेबांनी सांगितलं, हो. भट्टीत माल भरणाऱ्या पोरांनी आपलं काम त्याच्या गळ्यात मारलं, तरी हो. तोंडावर हसू, मान खाली. आत्या यायच्या काही महिने आधी तो भट्टीशेजारच्या स्टुलावर बसल्या बसल्या गेला. भिंतीला टेकून. गाल गुलाबी, जणू नुकताच ऊन खाऊन आलाय. हृदय बंद पडलं, असं कारखान्याने सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली.

आत्याने ते गुलाबी गालांचं ऐकलं आणि तिला कळायचं ते कळलं.

हृदय बंद पडलेला माणूस गुलाबी दिसत नाही. तो वायू छातीत गेलेला दिसतो.

पण ती नवी होती. गप्प राहिली. आत्या गप्प राहिली, हीच या गोष्टीतली पहिली नवलाची गोष्ट म्हणायची.

पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं...

दांडा खाली येतो.

ती बरोबर जागी लावून चहा प्यायला जायची. परत येऊन बघावं तर दांडा बोटभर खाली. छपराबाहेरची ज्योत बारीक झालेली. गळ्यातलं यंत्र टिकटिक करायला लागायचं.

भट्टीत माल भरणारा एक आडदांड माणूस होता. सगळे त्याला जाड्या म्हणायचे. आत्याने त्यालाच धरलं.

"कुणी हात लावला याला?"

"मी नाही, ताई. आईशप्पथ."

"मग काय भुताने लावला?"

जाड्या हसला नाही. त्याने नुसतं स्टुलाकडे पाहिलं आणि मान वळवली.

आत्याने पेच कसले. तरी दांडा खाली. मग तिने जाड तार घेतली आणि दांडा पाइपाच्या कड्याला करकचून बांधला. पक्कड लावून पीळ मारला. वर जाड्याला ऐकवलं, "आता हलव म्हणावं."

जेवून परत आली.

दांडा खाली होता.

तार तुटलेली नव्हती. कापलेलीही नव्हती. पीळ उलगडून, सरळ करून, तिचं गोल वेटोळं केलं होतं... आणि ते स्टुलाच्या मधोमध ठेवलं होतं.

जाड्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तो असंच ठेवायचा," तो पुटपुटला. "तारेचा तुकडासुद्धा फेकायचा नाही. असंच वेटोळं करून..."

तेवढ्यात पाइपातून आवाज आला.

वारा असेल. दाब बदलला की पाइप घुमतो, हे आत्यालाही माहीत होतं. पण हा आवाज लांब होता, दमलेला होता. आणि त्यात एक अक्षर होतं.

"होऽऽऽ..."

आत्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने तो दोन्ही हातांनी चोळून बसवला, दांडा वर ढकलला आणि जाड्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आता सगळं सांग. काही न गाळता."

जाड्याने सांगितलं.

समोर नव्या इमारती झाल्या होत्या. तिथल्या लोकांना गच्चीवरून कारखान्याच्या छपरावरची ज्योत दिसायची. त्यांनी तक्रार केली, की हा कारखाना आग ओकतो, धूर सोडतो. तपासणीला अधिकारी येणार असं ठरलं. कारखान्याच्या साहेबांनी होयबाला बोलावलं. ज्योत दिसता कामा नये. झडप दाब. होयबाने पहिल्यांदाच थोडी चुळबुळ केली म्हणे. वायू आत येईल, एवढंच बोलला. त्यावर साहेब म्हणाले, "मी सांगेपर्यंत उघडायची नाही. कळलं?"

होयबा म्हणाला, "हो, साहेब."

आणि स्टुलावर बसला.

"मग साहेबांनी उघडायला सांगितलं कधी?" आत्याने विचारलं.

जाड्या फडक्याने हात पुसत राहिला.

"नाहीच सांगितलं, ताई."

आत्या सांगते, त्या क्षणी तिला भीती वाटली नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांचा राग तर आलाच, पण होयबाचाही आला. बाहेरच्यांना निळं आकाश दिसावं म्हणून हा माणूस आत विष पीत बसला? आणि मेल्यावरही तेच काम करतोय?

ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली. दार वाजवलं नाही.

"झडप पूर्ण दाबायला तुम्ही सांगितलं होतं का त्याला?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "कोण म्हणतं?"

"भट्टीपाशी चला आणि एकदा मोठ्याने म्हणा, उघड. बस्स."

"बाई, डोकं ठिकाणावर आहे ना? मी रिकाम्या पाइपाला हुकूम सोडू?"

"जिवंत माणसाला सोडलात, तेव्हा काही वाटलं नाही ना."

साहेबांचा चेहरा उतरला. पण मग त्यांनी आवाज चढवला. मंगळवारी पुन्हा तपासणी आहे. त्या दिवशी ज्योत दिसली तर भट्टी बंद होईल, भट्टी बंद झाली तर सगळे घरी बसतील, त्याचं पाप तुमच्या माथी. तेव्हा मंगळवारी दांडा खाली राहील. हा माझा हुकूम आहे.

"नाही," आत्या म्हणाली.

"काय?"

"नाही म्हणाले. ऐकू येत नसेल तर लिहून देते."

आणि आला मंगळवार.

सकाळपासून आत्या दांड्यापाशी ठिय्या देऊन बसली होती. दांडा जागच्या जागी. ज्योत नीट जळत होती. दुपारी साहेब भट्टीपाशी आले. अधिकारी फाटकातून आत शिरले होते.

"दांडा खाली करा."

"नाही."

"मी शेवटचं सांगतोय. खाली करा!"

आत्याने तोंड उघडलं. पण तिच्याआधी पाइप बोलला.

"होऽऽऽ..."

आणि दांडा खाली जायला लागला.

कुणीही हात लावला नव्हता. आत्याचा हात गुडघ्यावर होता, साहेबांचे हात पाठीमागे. जाड्या चार हात लांब उभा होता. तिघांच्या डोळ्यांदेखत दांडा सावकाश, अगदी काळजीपूर्वक, खाली खाली येत गेला.

आत्या झेपावली. दोन्ही हातांनी दांडा धरला.

ती म्हणते, कुणी हिसका दिला असता तर समजलं असतं. झटापट केली असती तर समजलं असतं. पण दांड्याच्या पलीकडे जे होतं ते भांडत नव्हतं, चिडलेलंही नव्हतं. ते नुसतं काम करत होतं. कामाला आलेल्या माणसासारखं, मुकाट्याने, सगळा भार टाकून.

दांडा पूर्ण खाली बसला.

वर ज्योत विझली.

आत्याच्या गळ्यातलं यंत्र आधी टिकटिकलं, मग किंचाळायला लागलं.

"सगळ्यांना बाहेर काढ!" ती जाड्यावर ओरडली. "आधी पॅकिंगच्या बायका! नायट्रोजनचा कॉक उघड आणि पळ!"

नायट्रोजन सोडला की तो भट्टीतला विषारी वायू ढकलून बाहेर काढतो. भट्टी सुरक्षित करायचा तोच एक उपाय. पण ढकललेल्या वायूला जायला वाट लागते. झडप बंद राहिली असती तर सगळं विष दाराच्या फटींतून आत, पॅकिंगच्या खोलीत गेलं असतं. तिथल्या हसण्या-खिदळण्याचा आवाज अजून येत होता. त्यांना कशाचा पत्ताच नव्हता.

म्हणजे कुणीतरी दांडा वर धरायला हवा होता. वायू अंगावर घेत.

जाड्याने कॉक फिरवला आणि आरडाओरडा करत पॅकिंगकडे धावला.

आत्याने खांदा दांड्याखाली घातला. वर रेटला. दांडा बोटभर वर आला... आणि तेवढाच पुन्हा खाली गेला. तिचं डोकं जड झालं. कानात गुणगुण सुरू झाली.

"साहेब!" ती ओरडली. "सांगा त्याला! तो तुमच्याच शब्दासाठी थांबलाय! एकच शब्द!"

साहेब भिंतीला चिकटून उभे होते. ओठ हलत होते. पण मागे दारात तपासणीचे अधिकारी येऊन उभे होते. 'उघड' म्हणायचं म्हणजे आपणच बंद करायला लावली होती, हे त्यांच्यासमोर कबूल करायचं.

साहेबांची दातखीळ बसली.

मग ते वळले आणि पळत सुटले. थेट बाहेर.

आत्याने ते पाहिलं आणि काय झालं कोण जाणे, तिला हसू आलं. धाप लागलेली, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, आणि ही बाई हसतेय. तिने स्टुलाकडे तोंड केलं. स्टूल रिकामं होतं. तरी ती स्टुलाशीच बोलली.

"बघितलंस? तुझा साहेब गेला पळून. तो नाही सांगणार. तू शंभर वर्षं थांबलास तरी नाही सांगणार!"

दांडा तसाच.

"अरे, जीव गेला तुझा! आणि अजून हो? पलीकडे बायका आहेत, त्यांची पोरं घरी वाट बघतायत. त्यांनाही झोपवणार? एकदा तरी नाही म्हण, मेल्या! तोंड आहे ना तुला?"

पाइप गप्प झाला. एकदम. वाऱ्याचासुद्धा आवाज नाही.

"तो सांगत नाही, तर मी सांगते. ऐक माझं. सोड. दांडा सोड!"

काही क्षण काहीच झालं नाही.

मग...

तिच्या खांद्यावरचा भार उतरला.

दांडा इतका अलगद वर गेला की आत्या तोल जाऊन पाइपावर आपटली. छपराबाहेर वायू फुसफुसत निघून गेला. एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हाताने पदर नाकावर दाबून ती तशीच उभी राहिली, नायट्रोजनने भट्टी धुऊन निघेपर्यंत. जाड्या ओला फडका तोंडाला बांधून परत आला आणि त्याने तिला खांद्यावर टाकून उघड्यावर नेलं.

पॅकिंगच्या सगळ्या बायका बाहेर उभ्या होत्या. सगळ्या.

आत्याला ओकारी झाली. तोंड पुसून ती पहिलं काय बोलली असेल? अधिकाऱ्यांना म्हणाली, "बसा. मला सांगायचंय." आणि तिथेच, गवतात बसून, ज्योतीपासून गुलाबी गालांपर्यंत सगळं सांगितलं. साहेब समोरच होते. त्यांनी मान वर केली नाही.

भट्टी बंद झाली. साहेबांची चौकशी लागली, त्यांना जावं लागलं. भट्टी पुन्हा चालू झाली तेव्हा पाइपावर नवी यंत्रणा बसली होती. ज्योत विझली की वायूचा पुरवठा आपोआप तुटणार, आणि झडपेला माणसाच्या हाताची गरजच नाही. होयबाच्या बायकोला घरी जाऊन खरं कारण आत्यानेच सांगितलं. त्या बाईने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "मला कधीच 'नाही' म्हणाले नाहीत हो. मी काय काय मागितलं असेल..."

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं.

काही दिवसांनी आत्या घरी एकटीच भांडी घासत होती. दुपारची वेळ. स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूळ येत होती. दोन्ही हात साबणात. ती वैतागून स्वतःशीच बोलली, "बंद करा बाई ती खिडकी कुणीतरी."

खिडकी बंद झाली.

धाडकन नाही. सावकाश. काळजीपूर्वक. मग कडीही लागली.

आणि नळाच्या आवाजाआड, अगदी जवळून...

"होऽऽऽ..."

आत्याला सगळं कळून चुकलं. त्या दुपारी तिने त्याला साहेबाच्या हुकुमातून सोडवलं नव्हतं. तिने फक्त साहेब बदलला होता.

तिने मला फोन केला. मी गेले. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. खिडकी उघडी होती. आत्याने पदर खोचला आणि भिंतीकडे बघून, अगदी घरच्या माणसाशी बोलावं तशी बोलली.

"हे बघ. मला नोकर नको. तुझी सुटी झाली. आता जा. हे माझं शेवटचं सांगणं."

आम्ही थांबलो.

फ्रिजची घरघर. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.

मला वाटलं, गेला.

आणि तेव्हाच खिडकी हलली... सावकाश, काळजीपूर्वक, बंद झाली. कडी लागली. कुणीही तसं सांगितलं नव्हतं.

या वेळी 'हो' आलं नाही.

एक वेगळाच आवाज आला. अडखळत. पहिल्यांदाच उच्चारलेल्या शब्दासारखा.

"नाऽऽ... ही..."

मी आत्याचा हात घट्ट धरला. आत्याचंही तोंड उतरलं होतं, मी पाहिलं. पण ती किती वेळ तशी राहील? ती उठली, कमरेवर हात ठेवले.

"नाही काय? माझ्याच घरात मला नाही? बघतेच."

दुसऱ्या दिवशी तिने सुतार बोलावला. घरातल्या सगळ्या खिडक्यांची तावदानं काढून टाकली. आतल्या दारांच्या कड्या काढल्या. स्वयंपाकाचा गॅस काढून टाकला, विजेची शेगडी आणली. बाहेरच्या लोखंडी जाळ्या तेवढ्या ठेवल्या. आता वारा येतो, पाऊस येतो, धूळ येते. थंडीत ती दोन स्वेटर घालून झोपते. आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं, आमच्याकडे ये. तिचं उत्तर तुम्हाला माहीत आहे.

"घर माझं आहे. जायचं असेल तर तो जाईल."

मी अजूनही तिच्याकडे जाते. तिथे मी 'लाव', 'बंद कर' हे शब्द तोंडातून काढत नाही. चुकूनसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात गेले होते. आम्ही चहा पीत होतो. समोर खिडकीची रिकामी चौकट. तावदान नाही, कडी नाही, नुसतं आभाळ.

आणि त्या रिकाम्या चौकटीतून आवाज आला...

कडी लागल्याचा.

आत्याने कप खाली ठेवला नाही. तिने चौकटीकडे बघत एक घोट घेतला.

मला मात्र तेव्हापासून वाटतंय, की त्या घरात हवा थोडी कमी झाली आहे.